घास अडकतोय? अन्ननलिकेच्या कॅन्सरचं निदान, टप्पा आणि उपचार

भाकरीचा घास छातीत अडकल्यासारखा होतो, वर दोन घोट पाणी प्यायलं की उतरतो. पन्नाशी-साठीतल्या माणसाने ही तक्रार केली की घरात पहिलं नाव निघतं ते पित्ताचं. ओवा होतो, सोडा होतो, मेडिकलमधून आणलेली पित्ताची गोळी उपाशीपोटी सुरू होते. दरम्यान तो माणूस कुणाला न सांगता आपलं जेवण बदलत जातो. आधी भाकरी दुधात कुस्करून, मग भाकरी बंद आणि मऊ भात, मग पेज, मग नुसतं दूध आणि चहा. प्रत्येक बदलानंतर थोडे दिवस बरं वाटतं, म्हणून दवाखान्यात जायचं राहतं. पाणीसुद्धा अडकायला लागतं तोवर दोन-तीन महिने निघून गेलेले असतात आणि सदरे अंगावर लोंबायला लागलेले असतात.

आधी घट्ट पदार्थ, मग मऊ, मग पातळ, अशा क्रमाने गिळायला त्रास वाढत गेला तर ते पित्त समजून चालत नाही. अन्ननलिका लवचिक असते, घास येईल तशी साधारण दोन सेंटीमीटरपर्यंत फाकते. तिची वाट तेरा मिलिमीटरच्या आसपास आली की घट्ट अन्न अडायला लागतं. म्हणजे घास अडकल्याचं जाणवतं तेव्हा आतली गाठ आधीच बरीच वाढलेली असते. त्यामुळे या तक्रारीनंतर एंडोस्कोपीसाठी (तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीसाठी) महिनाभर थांबणं परवडत नाही, ती त्याच आठवड्यात व्हायला हवी. निदान झाल्यानंतर मात्र उलट करायचं असतं. पुढचे दोन-तीन आठवडे सगळ्या तपासण्या पूर्ण होईपर्यंत घाईने ऑपरेशन उरकायचं नाही. बहुतेक घरांत नेमकं उलट घडतं, निदानाला तीन महिने जातात आणि मग चार दिवसांत ऑपरेशनची तारीख हवी असते.

नळी कुठे आहे, कशी आहे

घशाच्या खाली सुरू होऊन छातीतून, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या स्नायूतून पोटात उतरणारी ही सुमारे पंचवीस सेंटीमीटरची नळी. तिच्या पुढे श्वासनलिका आणि हृदय, बाजूला फुप्फुसं, डावीकडे महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, मागे पाठीचा कणा. म्हणजे ज्या अवयवांना हात लावायला सर्जन दहा वेळा विचार करतो, ते सगळे हिचे शेजारी.

भिंतीला आतून बाहेर असे थर असतात. सगळ्यात आत अस्तर, त्याखाली सैलसर थर, मग स्नायूचा जाड थर आणि बाहेर नाजूक संयोजी ऊती. आतड्याच्या बहुतेक भागाला बाहेरून जसं चिवट आवरण असतं तसं अन्ननलिकेला नसतं. शिवाय अस्तराखालच्या सैल थरात लसिकावाहिन्यांचं जाळं नळीच्या लांबीच्या दिशेने वर-खाली पसरलेलं असतं. त्यामुळे गाठ छातीच्या मधोमध असली तरी पेशी वर मानेतल्या किंवा खाली जठराजवळच्या लसिकाग्रंथींत लवकर पोचू शकतात. या आजाराचे उपचार एवढे मोठे का असतात, ते या दोन गोष्टींवरून कळतं.

मुख्य प्रकार दोन. अस्तराच्या मूळ चपट्या पेशींतून होतो तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. हा बहुधा वरच्या आणि मधल्या भागात आढळतो आणि भारतात याचंच प्रमाण जास्त आहे. दुसरा ॲडिनोकार्सिनोमा, नळीच्या खालच्या टोकाला, जठर जिथे सुरू होतं त्या भागात. वर्षानुवर्षं जठरातलं ॲसिड वर येत राहिलं की खालचं अस्तर बदलतं, त्याला बॅरेट्स इसोफॅगस म्हणतात, आणि त्यातून पुढे काहींना हा कॅन्सर होतो. वाढतं वजन हे त्याचं मोठं कारण. अमेरिका आणि पश्चिम युरोपात हा प्रकार जास्त. आपल्याकडेही शहरांत पोट सुटलेल्या आणि रोज जळजळ होणाऱ्या लोकांनी हे लक्षात ठेवावं.

स्क्वॅमस प्रकाराची कारणं आपल्या ओळखीची आहेत. विडी-सिगारेट आणि दारू, आणि दोन्ही एकत्र असतील तर धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून खूप जास्त वाढतो. चघळायची तंबाखू, गुटखा, मावा. सुपारीबद्दल अजूनही गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू नसलेल्या सुपारीच्या विड्यालाही अन्ननलिकेच्या कॅन्सरचं कारण मानलं आहे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण सुगंधी सुपारी आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी घेऊन तोंडात एकत्र करायला कितीसा वेळ लागतो? मिश्री तर कुणी व्यसनात धरतच नाही. सकाळी दात घासायला म्हणून घेतलेली भाजलेली तंबाखू पुढे दिवसातून तीन-चार वेळा होते आणि तिचा रस पोटात जात राहतो. डॉक्टरांनी तंबाखूबद्दल विचारलं की घरातली बाई नाही म्हणते, कारण मिश्री तिच्या लेखी तंबाखू नसतेच. म्हणून सोबतच्या माणसाने ते सांगावं.

याशिवाय ६५ अंशांपेक्षा गरम पेयं सतत पिणं. त्याच संस्थेने २०१६ मध्ये ते बहुधा कॅन्सरकारक असल्याच्या गटात टाकलं. काश्मीर आणि ईशान्य भारतात हा आजार जास्त दिसतो. इराणचा ईशान्य भाग आणि चीनमधला हेनान प्रांतही त्यासाठी ओळखले जातात. लहानपणी चुकून ॲसिड प्यायल्याने अन्ननलिका भाजलेल्यांना आणि अकॅलेशिया (अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट न उघडण्याचा आजार) बरीच वर्षं असलेल्यांनाही धोका जास्त असतो.

स्कोपी आणि तिचा रिपोर्ट

पोटाच्या सोनोग्राफीत अन्ननलिका दिसत नाही. "सोनोग्राफी नॉर्मल आली" म्हणून निश्चिंत होणारी माणसं पाहिली की जीव हळहळतो. बेरियम पाजून काढलेला एक्स-रे अरुंद झालेला भाग दाखवतो, पण निदान करायचं तर एंडोस्कोपीच लागते. सहा-आठ तास उपाशी राहायचं, घशात बधिरतेचा फवारा मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात, दातांमध्ये प्लास्टिकचा ठोकळा ठेवतात आणि करंगळीएवढी बारीक दुर्बीण आत सरकवतात. ओकारी येते, डोळ्यांत पाणी येतं, पण श्वासाची वाट मोकळी असते. पाच-दहा मिनिटांचं काम.

गाठ किंवा व्रण दिसला तर तिथले तुकडे घेतात. एक तुकडा पुरत नाही, साधारण सहा ते आठ घेतात, कारण गाठीचा वरचा थर कधीकधी नुसता सडलेला असतो आणि त्यात काही निघत नाही. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, त्याला हवा लागते, ही भीती अजून गावोगावी आहे. ती खोटी आहे. तुकडा न काढता कॅन्सरचा उपचार सुरू करता येत नाही, कुठलाही जबाबदार डॉक्टर तो करणार नाही. दिसायला कॅन्सरच आहे पण रिपोर्ट निगेटिव्ह आला, असंही होतं. अशा वेळी सुटकेचा श्वास न टाकता पुन्हा तुकडे द्यावेत.

आता रिपोर्टमधली एक ओळ जवळून वाचू. समजा असं लिहिलं आहे: "अल्सरोप्रोलिफरेटिव्ह ग्रोथ, २७ ते ३२ सेंटीमीटर, अर्ध्याहून अधिक घेर व्यापलेला, स्कोप पुढे जात नाही." पहिल्या इंग्रजी शब्दांचा अर्थ व्रण पडलेली, आत वाढलेली गाठ. यातले २७ आणि ३२ हे आकडे गाठीच्या आकाराचे नाहीत. ते समोरच्या दातांपासून मोजलेलं अंतर आहे. दातांपासून साधारण पंधरा सेंटीमीटरवर अन्ननलिका सुरू होते आणि चाळीसच्या आसपास जठराशी जुळते. श्वासनलिकेचे दोन फाटे पंचविसाच्या सुमाराला होतात. म्हणजे ही गाठ दिसली तेवढी तरी पाच सेंटीमीटर लांब आहे, छातीच्या मधल्या भागात सुरू होऊन थोडी खाली उतरली आहे आणि श्वासनलिकेच्या फाट्याच्या जरा खाली आहे. "स्कोप पुढे जात नाही" म्हणजे वाट जवळजवळ बुजली आहे, आता या माणसाच्या पोटात अन्न जायची सोय आधी करायला हवी. या एका ओळीवरून सर्जन ऑपरेशनचा मार्ग ठरवतो आणि रेडिएशनवाले शेक कुठे द्यायचा ते ठरवतात. त्यामुळे स्कोपीचा मूळ कागद जपून ठेवा. मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर तारखेसह सगळं पान येऊ द्या.

अगदी सुरुवातीचा आजार साध्या नजरेला सुटू शकतो. तेव्हा अस्तरावर आयोडीनचं द्रावण शिंपडतात. निरोगी पेशींत साखरेचा साठा असतो, त्या तपकिरी होतात. बिघडलेल्या पेशींत तो साठा कमी असल्याने तेवढा भाग फिकट राहतो. तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर झालेल्यांत अन्ननलिकेतही दुसरी गाठ सापडू शकते, म्हणून त्यांच्यासाठी ही तपासणी मोलाची.

टप्पा कसा ठरतो

तुकड्याचा रिपोर्ट कॅन्सर आहे की नाही आणि कोणत्या प्रकारचा, एवढंच सांगतो. तो किती खोल आणि किती दूर गेलाय, ते त्यात नसतं. "कितवी स्टेज?" हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, त्याचं उत्तर पुढच्या तपासण्यांतून मिळतं.

छाती आणि पोटाचा, औषध टोचून केलेला सीटी स्कॅन ही पहिली पायरी. त्यात गाठ महारोहिणीला किंवा श्वासनलिकेला चिकटली आहे का, यकृत-फुप्फुसांत डाग आहेत का, हे बघतात. पेट-सीटीत किरणोत्सर्गी साखर टोचतात, जिथे पेशी जास्त साखर खातात ती जागा स्कॅनवर उजळते. म्हणून मधुमेह असेल तर रक्तातली साखर आधी ताब्यात हवी, नाहीतर तारीख पुढे जाते. पेटमुळे सीटीत न दिसलेला दूरचा प्रसार काहींत सापडतो, आणि उपयोग होणार नाही असं मोठं ऑपरेशन टळतं.

पेटच्या रिपोर्टबद्दल आपल्या देशात एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. क्षयाच्या गाठीही पेटवर उजळतात. जुना-नवा टीबी आपल्याकडे इतका आहे की छातीतल्या उजळलेल्या गाठी पाहून लगेच आजार सगळीकडे पसरलाय असं म्हणता येत नाही. ज्या गाठीवरून उपचाराची दिशा बदलणार आहे, तिच्यात सुई घालून पेशी तपासाव्या लागतात. अन्ननलिकेतून किंवा श्वासनलिकेतून सोनोग्राफी करणारी दुर्बीण घालून हे करता येतं. रिपोर्टमध्ये नुसतं "गाठी उजळल्या" लिहिलं असेल आणि त्यावरून कुणी आता काही होणार नाही म्हणत असेल, तर ती गाठ तपासली का, हे विचारायला संकोच करू नका.

याच सोनोग्राफीच्या दुर्बिणीने भिंतीचे थर वेगवेगळे दिसतात आणि गाठ कुठल्या थरापर्यंत गेली ते कळतं. आजार लवकरचा वाटत असेल तर तिचा उपयोग सर्वांत जास्त. वाट बुजलेली असेल तर ती दुर्बीण पुढे जातच नाही, मग हट्ट धरण्यात अर्थ नसतो. गाठ श्वासनलिकेच्या फाट्याजवळ किंवा त्याच्या वर असेल तर श्वासनलिकेतही दुर्बीण घालून आत काही घुसलंय का ते बघतात. पोटाच्या तोंडाशी असलेल्या ॲडिनोकार्सिनोमात काही वेळा लॅप्रोस्कोपीने, म्हणजे छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून, पोटात डोकावतात, कारण पोटाच्या पोकळीच्या अस्तरावरचे बारीक दाणे स्कॅनमध्ये दिसत नाहीत.

हे सगळं मिळून टी, एन, एम अशी तीन अक्षरं ठरतात. टी म्हणजे खोली. टी-वन-ए अस्तरापुरता, टी-वन-बी त्याखालच्या सैल थरात, टी-टू स्नायूत, टी-थ्री स्नायूच्या बाहेर, टी-फोर शेजारच्या अवयवात. टी-फोरमध्येही फरक आहे. फुप्फुसाचं किंवा हृदयाचं आवरण, पडदा यात शिरलेली गाठ काही रुग्णांत काढता येते. महारोहिणी, मणका किंवा श्वासनलिकेत शिरलेली काढता येत नाही. एन म्हणजे कॅन्सर शिरलेल्या लसिकाग्रंथींची संख्या: एक-दोन असतील तर एन-वन, तीन ते सहा एन-टू, सात किंवा जास्त एन-थ्री. एम म्हणजे दूरच्या अवयवांत प्रसार. या तिन्हींच्या जुळणीतून पहिली ते चौथी स्टेज ठरते आणि ही जुळणी दोन्ही प्रकारांसाठी वेगवेगळी आहे.

स्टेजच्या आधी एक छोटं अक्षर असतं, तिकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. "सी" असेल तर ती स्कॅनवरून काढलेली. "पी" असेल तर ऑपरेशननंतर काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ठरवलेली. "वाय-पी" म्हणजे आधी केमो-रेडिएशन झालं आणि मग तपासलं. आधीच्या रिपोर्टमध्ये थर्ड स्टेज आणि ऑपरेशननंतर फर्स्ट असं दिसलं तर आधीच्या डॉक्टरांनी उगाच घाबरवलं होतं असं समजू नये. मधल्या उपचाराने आजार आक्रसला असा त्याचा अर्थ.

उपचार

अस्तरापुरताच आजार असेल तर दुर्बिणीतूनच तेवढं अस्तर सोलून काढतात, छाती उघडावी लागत नाही. लसिकाग्रंथींत प्रसाराची शक्यता या टप्प्यावर अगदी कमी असते. आजार खालच्या सैल थरात उतरला की मात्र ती शक्यता झपाट्याने वाढते, आणि सहसा ऑपरेशनकडे वळावं लागतं. एका मिलिमीटरहून कमी अंतराने उपचार एवढा बदलतो. दुर्दैवाने आपल्याकडे या टप्प्यावर येणारे रुग्ण थोडे.

मोठा गट असतो तो टी-टू, टी-थ्री, लसिकाग्रंथींत पोचलेल्या किंवा न पोचलेल्या, पण दूर न पसरलेल्या आजाराचा. पूर्वी यांना थेट ऑपरेशन करत. नेदरलँड्समधल्या क्रॉस नावाच्या चाचणीने हे चित्र बदललं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ३६६ रुग्ण होते. अर्ध्यांना थेट ऑपरेशन, उरलेल्यांना आधी पाच आठवडे, आठवड्यातून एकदा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमो आणि सोबत २३ दिवस शेक, मग ऑपरेशन. थेट ऑपरेशनच्या गटात निम्मे रुग्ण २४ महिन्यांपर्यंत जगले, आधी केमो-रेडिएशन घेतलेल्या गटात हाच आकडा ४९ महिन्यांवर गेला. स्क्वॅमस प्रकारात फरक अजून मोठा होता, २१ महिन्यांचे जवळपास ८२ झाले. दहा वर्षांनीही हा फायदा टिकून होता, ३८ टक्के विरुद्ध २५ टक्के रुग्ण जिवंत होते. या चाचणीत दहा टक्क्यांपेक्षा जास्त वजन घटलेल्यांना घेतलं नव्हतं, हे मात्र वाचताना सुटतं. आपल्या दवाखान्यांत येणारे कितीतरी रुग्ण त्यापेक्षा जास्त खंगलेले असतात. त्यांना हा आकडा जसाच्या तसा सांगता येत नाही, आधी त्यांचं वजन सावरावं लागतं.

ॲडिनोकार्सिनोमासाठी आता वेगळी दिशा आहे. जर्मनीतल्या इसोपेक चाचणीत ४३८ रुग्णांपैकी एका गटाला क्रॉस पद्धत दिली आणि दुसऱ्याला ऑपरेशनच्या आधी आणि नंतर फ्लॉट ही चार औषधांची केमो. २०२५ मध्ये छापून आलेल्या निकालात निम्मे रुग्ण जिथपर्यंत जगले तो काळ ३७ महिने विरुद्ध ६६ महिने असा निघाला. जपानमध्ये तर स्क्वॅमस प्रकारातही ऑपरेशनआधी तीन औषधांची केमोच देतात, शेक नाही. म्हणून शेजारच्या बेडवरच्या रुग्णाला शेक दिला आणि आपल्याला का नाही, ही तुलना करण्याआधी दोघांचा प्रकार एकच आहे का ते बघा.

ऑपरेशन मोठं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. १९१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक या सर्जनने छातीतली अन्ननलिका पहिल्यांदा यशस्वीपणे काढली. जोडायला काही नव्हतं, म्हणून मानेवरचं भोक आणि पोटावरचं भोक यांच्यामध्ये शरीराबाहेरून रबरी नळी लावली. ती बाई त्या नळीतून जेवत सुमारे तेरा वर्षं जगली. आज अन्ननलिकेचा बराचसा भाग आणि आजूबाजूच्या लसिकाग्रंथी काढतात, जठराला कापून चार-पाच सेंटीमीटर रुंदीची नळी करतात आणि ती छातीत किंवा मानेत ओढून उरलेल्या टोकाशी जोडतात. ही जोड सगळ्यात नाजूक. ती गळली तर आठवडेच्या आठवडे दवाखान्यात जातात. दुसरा धोका न्यूमोनियाचा. दुर्बिणीने केलेल्या ऑपरेशनात फुप्फुसाचे संसर्ग कमी होतात हे सिद्ध झालं आहे. तरी मी दुर्बीण आहे का हे दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन. पहिला प्रश्न असा विचारावा: इथे वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात? ज्या ठिकाणी ती सतत होतात तिथे जोड गळली तरी ती ओळखून रुग्णाला वाचवणारी टीम असते. त्यासाठी गाव सोडून मुंबई-पुणे गाठावं लागलं तरी गाठावं.

ऑपरेशनच्या तयारीत रुग्णाच्या हातातही बरंच काही असतं. विडी-तंबाखू त्याच दिवशी बंद. तीन रंगीत चेंडू असलेलं श्वासाच्या व्यायामाचं प्लास्टिकचं यंत्र देतात, त्यात श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे असतात. ते खेळणं वाटतं म्हणून उशाशी पडून राहतं. दिवसातून अनेक वेळा ते करणारा आणि रोज चालणारा रुग्ण ऑपरेशननंतर कफ बाहेर काढू शकतो.

प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असंही नाही. गाठ मानेच्या भागात असेल तर ती काढताना स्वरयंत्रही जाऊ शकतं, म्हणून तिथे केमो आणि पूर्ण मात्रेचा शेक हाच मुख्य उपचार. हृदय-फुप्फुसं ऑपरेशन झेपणार नाहीत अशी असतील तरीही तोच, साधारण साडेपाच आठवडे, आणि यातही काही रुग्ण पूर्ण बरे होतात. केमो-रेडिएशननंतर स्कोपीत गाठ दिसेनाशी झाली की घरचे विचारतात, आता ऑपरेशन कशाला? प्रश्न रास्त आहे. क्रॉस चाचणीत स्क्वॅमस प्रकाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांत काढलेल्या भागात कॅन्सर उरलाच नव्हता. पण कुणात उरला आणि कुणात नाही, हे ऑपरेशनआधी खात्रीने कळत नाही. नेदरलँड्समध्येच सॅनो चाचणीत असे रुग्ण ऑपरेशन न करता बारकाईने तपासत ठेवले आणि दोन वर्षांनंतर त्यांचं जगण्याचं प्रमाण ऑपरेशनवाल्यांपेक्षा कमी नव्हतं. तिथे ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा स्कोपी, खोल तुकडे आणि पेट होत होतं. तीनशे किलोमीटरवरून येणारा, पेरणीच्या दिवसांत तारीख चुकवणारा रुग्ण असेल तर हा मार्ग मला धोक्याचा वाटतो.

केमो-रेडिएशन आणि ऑपरेशन होऊनही काढलेल्या भागात कॅन्सर उरलेला दिसला तर वर्षभर निव्होलुमॅब ही इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारं औषध) देतात. चेकमेट ५७७ चाचणीत आजार परत येईपर्यंतचा काळ ११ महिन्यांवरून २२ महिन्यांवर गेला. खर्च मोठा आहे. घर विकायचा विषय निघण्याआधी डॉक्टरांशी फायद्याचं प्रमाण नीट बोलून घ्या.

यकृत, फुप्फुस, हाडं अशा ठिकाणी आजार गेला असेल तर तो पूर्ण बरा करणं बहुतेकांत शक्य नसतं. उपचार असतातच, पण त्यांचा हेतू बदलतो. केमोसोबत इम्युनोथेरपी दिल्याने आयुष्य काही महिन्यांनी वाढतं. तुकड्यावर पीडी-एल-वन आणि, ॲडिनोकार्सिनोमात, हर-टू या प्रथिनांच्या चाचण्या केल्या की कोणत्या औषधाचा उपयोग होईल याचा अंदाज येतो. पण या रुग्णाला सगळ्यात आधी हवं असतं ते घशाखाली काहीतरी उतरणं. धातूच्या जाळीचा स्टेंट एंडोस्कोपीने बसवला की एक-दोन दिवसांत पातळ-मऊ अन्न जायला लागतं. छातीत दुखतं काही दिवस, आणि भाकरी-मटणाचा तुकडा त्यात अडकू शकतो, तेव्हा बारीक चावून, मधूनमधून पाणी पीत खायचं. थोड्या दिवसांचा शेक दिला तर गिळणं सुधारायला वेळ लागतो, पण सुधारलेलं जास्त टिकतं. पाणी प्यायल्याबरोबर जोराचा ठसका येत असेल तर अन्ननलिका आणि श्वासनलिका यांत भोक पडलेलं असू शकतं. लगेच तोंडाने देणं थांबवून दवाखाना गाठा, तिथे आवरण असलेला स्टेंट लागतो.

पोटात अन्न

निदान आणि उपचार यांच्या मधल्या आठवड्यांत रुग्णाला नुसत्या सलाइनवर ठेवणं ही मोठी चूक. सलाइनच्या बाटलीत थोडी साखर आणि मीठ असतं, प्रथिनं नसतात. नाकातून बारीक नळी गाठीच्या पलीकडे घालून किंवा पोटावरून लहान आतड्यात नळी बसवून अन्न द्यावं लागतं. ऑपरेशन व्हायचं असेल तर पोटावरून थेट जठरात नळी बसवण्याआधी सर्जनला विचारलेलंच बरं, कारण उद्या त्याच जठराची अन्ननलिका करायची असते.

नळीतून द्यायला डब्यातल्या महाग पावडरी सक्तीच्या नाहीत. दूध, नाचणीचं सत्त्व, गाळलेलं डाळीचं पाणी आणि त्यात शिजवून वाटलेली डाळ, उकडलेलं अंडं दुधात वाटून, शेंगदाण्याचं गाळलेलं दूध, वर चमचाभर तेल किंवा तूप. सगळं मिक्सरमधून काढून बारीक गाळणीने गाळायचं, प्रत्येक वेळी आधी आणि नंतर कोमट पाण्याने नळी धुवायची, नाहीतर ती तुंबते. आतड्यात बसवलेल्या नळीतून मात्र एकदम मोठी वाटी ओतायची नाही, हळूहळू थेंब-थेंब सोडायचं आणि स्वच्छता कडक ठेवायची. किती कॅलरी आणि किती प्रथिनं, हे आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्या. दोन-तीन आठवडे जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला पहिल्याच दिवशी भरपूर भरवू नये. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम एकदम खाली जाऊन हृदयावर बेततं. सुरुवात कमी मात्रेने, रक्त तपासत.

पैशांचा प्रश्न बहुतेक घरांत असतोच. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो आणि रेडिएशन येतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन उपचार सुरू होण्याआधी त्याला भेटा, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते. पेट-सीटी आणि इम्युनोथेरपी यांचं काय, हे त्याच वेळी विचारून ठेवा. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून या कामात आहे आणि तिथे गर्दी प्रचंड असते. राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली रुग्णालयं जोडलेली आहेत. निदान आणि टप्पा मोठ्या केंद्रात ठरवून केमो-रेडिएशन जवळच्या केंद्रात घेणं अनेकांना सोयीचं पडतं.

ऑपरेशननंतर जेवणाची पद्धत कायमची बदलते. साठवायला जठर उरलेलं नसतं, म्हणून दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं खायचं. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, रात्री डोक्याकडची बाजू उंच, नाहीतर अन्न आणि पित्त घशाशी येतं. शिरा, जिलबी किंवा भरपूर साखरेचा चहा उपाशीपोटी घेतला की अर्ध्या तासात घाम, धडधड, चक्कर, जुलाब होऊ शकतात. गोड अन्न झपकन आतड्यात उतरल्याचा तो परिणाम, गोड कमी केलं की बहुतेकांचा त्रास आटोक्यात येतो. आवाज बसलेला असेल तर स्वरयंत्राची नस दुखावलेली असते, काही महिन्यांत बऱ्याचदा सुधारते.

पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी असते, कारण आजार परत यायचा तर बहुधा याच काळात येतो. ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांत पुन्हा घास अडकायला लागला की सगळं घर हादरतं. पण या वेळी कारण बऱ्याचदा साधं असतं. जोडाच्या जागी व्रण भरताना वाट आक्रसलेली असते. एंडोस्कोपी करून, गरज वाटली तर तुकडा घेऊन खात्री करतात आणि फुग्याने तो भाग रुंद करतात. काहींना दोन-चार वेळा करावं लागतं, मग पोळी-भात पुन्हा उतरायला लागतो.